विश्वासाची दोरी
कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी व तंटे यांनी ग्रासलेला होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच होते. बदलली ती त्यांना मिळणारी वागणूक. दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळाला. दोरी ओढली की गटप्रमुख रागावण्याऐवजी मदतीला येई. पूर्वी चूक झाकण्यातच शहाणपण होते. आता ती दाखविणे हे कर्तव्य ठरले. १९८८ साली मोटारींची मागणी घसरली, तेव्हाही कामगारांना घरी न बसविता प्रशिक्षण देण्यात आले. गैरहजेरी घटली, मालाचा दर्जा सुधारला. मनावरील भीतीचे ओझे उतरले, म्हणजे तेच हात अधिक चांगले काम करू लागतात.