लेडीज बॅचलर चालतील!

ठाण्यात किंवा डोंबिवलीत भाड्याने घर शोधलं असेल, तर हा प्रश्न तुम्हाला पाठ असेल : ‘फॅमिली की बॅचलर?’ मुलींनाही हेच विचारतात. ‘लेडीज बॅचलर चालतील’ असे मेसेज मी ब्रोकरच्या ग्रुपवर कितीदा वाचलेत. शाळेत मात्र शिकलो होतो, पुरुष बॅचलर आणि स्त्री स्पिन्स्टर.

हा स्पिन्स्टर शब्द आपल्या बोलण्यात आलाच नाही. बरंच झालं, खरं सांगते.

स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी. साधा धंद्याचा शब्द. हे काम बऱ्याचदा बिनलग्नाच्या बायका करायच्या, म्हणून सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या कायदेशीर कागदांत तो ‘अविवाहित स्त्री’ झाला. मग त्याला वास चिकटला : वय उलटलेली, किरकिरी, कुणी पसंत न केलेली. बॅचलर म्हणजे दुसऱ्याच्या झेंड्याखाली लढणारा तरुण योद्धा. पुढे विद्यापीठाची पहिली पदवीही तीच, म्हणून दोन मुलांची आई असलेली तुमची मावशीसुद्धा बॅचलर ऑफ आर्ट्स असते! पन्नाशीतला हिरो ‘एलिजिबल बॅचलर’ असतो. त्याच वयाच्या हिरॉईनला ‘एलिजिबल स्पिन्स्टर’ म्हणून बघा. इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २००५ पासून लग्नाच्या नोंदीत दोन्ही शब्द काढून ‘सिंगल’ लिहायला लागले.

मराठीनेही फार नाक वर करू नये. ‘सडाफटिंग’ म्हणताना आपण हसतो, थोडा हेवाही वाटतो. ‘घोडनवरी’ म्हणताना? घोडनवरा हाही शब्द आहे बरं का, पण शेवटचा कधी ऐकलात?

मला मजा वाटते ती ब्रोकरच्या बॅचलरची. इंग्रजीत मिरवायचा हा शब्द आपल्याकडे भाडेकरूचा प्रकार झाला. स्त्री-पुरुष भेद गेला, संशय दोघांच्या वाट्याला आला : पार्ट्या, आवाज, रात्री उशिरा येणं. लग्नाशीही त्याचं नातं सैल झालंय. बायको गावी ठेवून कल्याणला नोकरीला आलेला माणूस बॅचलर. चाळिशीची अविवाहित बाई आईला घेऊन राहायला आली तर ती फॅमिली, एकटी आली की बॅचलर.

आणि तिला वर एक जादा प्रश्न असतोच, ‘मग लग्नाचं काय?’ अकरा महिन्यांच्या करारात त्याचा रकाना नसतो, तरी विचारतात.