कर्ज आणि शासकीय सेवेतील विश्वास

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात दुखणे, लग्नकार्य वा नापिकी यांमुळे नोकरदारासही कर्ज काढावे लागते. तो दोष नव्हे. तथापि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याने सततचा कर्जबाजारीपणा टाळणे आवश्यक आहे. कर्जवसुलीची वा नादारीची न्यायालयीन कार्यवाही सुरू झाल्यास त्याने सर्व हकीकत ताबडतोब शासनास कळविली पाहिजे. कर्ज उधळपट्टीमुळे नव्हे, तर अनपेक्षित आपत्तीमुळे झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच असते. यामागील हेतू उघड आहे : तगाद्याने गांजलेल्या माणसाकडील गोपनीय कागद वा सरकारी रोकड सुरक्षित राहीलच, असे म्हणता येत नाही. ग्रामपंचायत सदस्यही रीतसर बिल मिळून ३ महिन्यांत पंचायतीचा कर न भरल्यास अपात्र ठरू शकतो. म्हणून कर्ज दडवू नये, वेळीच सांगावे.