दप्तराची घडी
अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात कार्यालयाच्या दप्तराची नव्याने घडी बसवली. तीच पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायम जपायचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘ड’ वर्षभर. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे. त्यांतला स्थायी आदेशांचा गठ्ठा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बदली होऊन आलेल्या लिपिकाला नियम तिथेच सापडतात. माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम ४नुसार अभिलेखांची सूची ठेवणे बंधनकारक आहे. मात्र सूचीत ‘संकीर्ण’ हाच मथळा जागोजागी असेल, तर जुना फेरफार शोधत तालुक्याला आलेल्या शेतकऱ्याला तिचा काहीच उपयोग नाही.