दिवाणखान्यांतला समुद्र

घरांत कांचेच्या पेटींत रंगीत मासे पाळण्याची हौस आतां नवी राहिलेली नाहीं. गोल्डफिश, गप्पी, एंजल अशी गोड्या पाण्यांतील मंडळी पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतून सुखानें नांदत आहेत, आणि एखादा मासा दगावलाच तर बाजारांतून दुसरा आणून मुलांची समजूत घालण्यापलीकडे त्यांची कोणास फारशी दगदग पडत नाहीं. परंतु खाऱ्या पाण्याची मोठी पेटी करून तींत समुद्रांतील प्रवाळबाग वाढविण्याची जी हौस अलीकडे सुशिक्षित घरांतून शिरूं लागली आहे, ती जातीनेंच निराळी आहे. तिच्या वाटेस जाण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं कोणकोणता विचार करावा, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. खर्चाचा विचार कोणीही करतो. त्याहून अवघड प्रश्न हा कीं, पुढील दहा-पंधरा वर्षें हें पाणी कोण सांभाळणार? पाणी असें आम्ही मुद्दाम म्हणतों. कारण या छंदांत माणूस मासे किंवा प्रवाळें पाळीत नाहीं, तो पाणी पाळतो, आणि तें नीट राहिलें तर बाकीचे जीव आपापला संसार चालवितात.

आपल्या घरांत पोवळें ठाऊक आहे तें मंगळाच्या आंगठींतलें. तें लाल पोवळें भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत वाढतें. त्याचा या बागेशीं संबंध नाहीं. उष्ण समुद्रांतील प्रवाळखडक हें निराळ्याच प्राण्यांचें काम आहे. दिसावयास झाड किंवा दगड, पण वस्तुतः तो शेंकडों इवल्या जीवांचा एकत्र संसार असतो. प्रत्येकाचें तोंड वेगळें, अंग मात्र एकमेकांस जोडलेलें, आणि एकानें खाल्लेल्याचा अंश शेजाऱ्यास पोंचतो. एकत्र कुटुंबपद्धतीवर व्याख्यानें देणाऱ्यांनीं हें उदाहरण अवश्य टिपून ठेवावें! या जीवांच्या अंगांत एक सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखें राहतें. तें सूर्यप्रकाशावर साखर तयार करतें आणि तिचा मोठा वांटा यजमानास देतें. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं हा करार मोडतो. प्रवाळ शैवालास बाहेर काढून टाकतें, पांढरें फटक पडतें आणि हळूहळू उपासमारीनें मरतें. साऱ्या जगांतील प्रवाळखडकांवर असें संकट आल्याचें शास्त्रज्ञांनीं एप्रिल २०२४ मध्यें चौथ्यांदा जाहीर केलें. महासागराची जेथें ही कथा, तेथें दिवाणखान्यांतील पेटीची काय मातबरी! पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राखणें हें आपल्याकडील वैशाखांत सोपें काम नव्हे, हें आधींच मनांत धरावें.

हा छंद मुळांत एका गृहिणीनें घालून दिला, ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींस कौतुकाची वाटेल. १८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळें बरणींत घालून लंडनला आणलीं. समुद्राचें पाणी रोज कोठून मिळणार? तेव्हां त्यांनीं तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुनः पुनः ओतून त्यांत हवा खेळविण्याची युक्ति काढली, आणि हें काम अर्धा-पाऊण तास त्यांची लहान मोलकरीण करीत असे. पुढें १९६१ सालीं इंडोनेशियांतील ली चिन एंग या गृहस्थांनीं लेख लिहून दाखवून दिलें कीं, समुद्रांतील सच्छिद्र दगड आणि हवेचे बुडबुडे यांवर प्रवाळें तगतात. आज त्या मोलकरणीचें काम विजेचे पंप करतात; आणि वीज गेली म्हणजे काय होतें, तें पुढें येईलच.

प्रथम कायदा. आपल्या देशांतील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळें, काळें पोवळें, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे घातलेले आहेत. म्हणजे वाघास जें संरक्षण तेंच त्यांस. लक्षद्वीप-अंदमानच्या सहलींतून आठवण म्हणून आणलेला पांढरा तुकडाही या कायद्यांतून सुटत नाहीं, मग जिवंत खडकाची गोष्टच नको. दुकानदार "सगळे ठेवतात हो" म्हणून हळूच एखादी दगडी फांदी पुढें करील. ती घेऊं नये. मालवणच्या समुद्रांत आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस दूरवर असलेल्या आंग्रिया बँकेवर अशींच प्रवाळें आहेत, आणि एका पेटीच्या शोभेसाठीं तोडलेली फांदी पुन्हां भरून येण्यास वर्षें लागतात. तेव्हां येथील घरीं बाग करावयाची तर ती कृत्रिम किंवा खाणींतील सच्छिद्र चुनखडीच्या दगडांची, पाळींव अवस्थेंत जन्मलेल्या माशांची, आणि फार तर मऊ अंगाच्या, कागदपत्रांसह आलेल्या प्रवाळांची करावी. कागद पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत, आणि शंका असेल तर वनखात्याकडे लेखी विचारावें. अमेरिकेंत किंवा युरोपांत राहणाऱ्या आमच्या वाचकांची गोष्ट निराळी. तेथें छांदिष्टांनीं पेटींतच वाढवून कलमें केलेलीं दगडी प्रवाळें मिळतात, आणि घ्यावयाचीं तर तींच घ्यावीं.

आतां पेटी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी मोठी म्हणतां येईल. तींत चोवीस घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी मावतें. खाऱ्या पाण्याचें वजन सातशें किलो, बारा मिलिमीटर कांचेचें सव्वाशें किलो, त्यावर दगड, वाळू, चौथरा आणि खालची गाळणीची टाकी. एकूण भार टनाच्या पुढें जातो. राहत्या खोल्यांची जमीन साधारणतः दर चौरस मीटरास दोनशें किलो धरून बांधतात, आणि ही पेटी तर सव्वा चौरस मीटरही जागा व्यापीत नाहीं. म्हणून वरच्या मजल्यावर ती ठेवावयाची तर इमारतीचा नकाशा इंजिनियरास दाखवून तुळईची जागा विचारून घ्यावी. जुन्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर तर हा विचारच सोडून द्यावा. खिडकींतलें ऊन तिच्यावर येऊं नये, आणि दिवाणखान्यांत झोपाळा असेल तर त्याच्या टप्प्यांत ती असूं नये.

पाणी हा या छंदाचा गाभा आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पण ते नुसतें स्वयंपाकघरांतील मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम लिटरास तेराशें मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम चारशेंच्या वर, शिवाय पोटॅशियम आणि इतर अनेक द्रव्यें असतात. म्हणून याच कामासाठीं बनविलेलें मीठ आणावें. पहिल्या भरणीस तें पंचवीस किलोंच्या आसपास लागतें. नळाचें पाणी तसेंच वापरूं नये. त्यांतील क्लोरीन, नायट्रेट आणि फॉस्फेट काढण्यासाठीं आर. ओ. आणि त्यापुढें आणखी एक शोषक गाळणी लागते. लिटरभर शुद्ध पाण्यामागें दोन-तीन लिटर टाकाऊ निघतें. पाणीटंचाईच्या गांवीं तें मोरींत सोडून देणें लाजिरवाणें होईल. फरशी पुसण्यास, कुंड्यांस तें चालतें. रोज जें पाणी उडून जाईल त्याच्या जागीं गोडें शुद्ध पाणीच घालावें. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेंच राहतें. एवढी गोष्ट ध्यानांत न राहिल्यामुळें पुष्कळ पेट्या दिवसेंदिवस खारट होत जातात.

आणि एक गोष्ट ब्राह्मणी घरांत विशेष बजावून सांगितली पाहिजे. तांबें आपणांस पवित्र आहे. पूजेचा तांब्या, ताम्हन, पळी-पंचपात्र सारें तांब्याचें. परंतु प्रवाळ, झिंगे, गोगलगाई अशा जीवांस तांबें हें जहर आहे. त्यांच्या पाण्यास तांब्यापितळेच्या कळशीचा स्पर्शही होऊं देऊं नये. प्लास्टिकची स्वतंत्र बादली ठेवावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावें. डांसांचे फवारे त्या खोलींत मारूं नयेत. झिंग्यांस ते सोसत नाहींत.

दगड रचून, वाळू पसरून, पाणी भरून यंत्रें सुरू केलीं कीं माणसास वाटतें कीं आतां मासे आणावे. येथेंच संयम लागतो. माशांच्या विष्ठेंतून आणि उरल्या अन्नांतून अमोनिया निघतो, आणि तो थोडाही विषारी असतो. दगडांच्या छिद्रांत राहणारे जीवाणू त्याचें आधीं नायट्राइटमध्यें आणि मग त्याहून पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. पण हे जीवाणू नव्या पेटींत मुळांत नसतात. ते बाटलींतून घालून, त्यांस थोडा अमोनिया खाऊं घालून वाढवावे लागतात, आणि यांत चार ते सहा आठवडे जातात. त्या काळांत पेटींत पाहण्यासारखें कांहींच नसतें. उलट दगडांवर तपकिरी बुरशीसारखा थर चढतो आणि घरांतील प्रत्येक जण येतां-जातां टोमणा मारून जातो. मुलें रोज विचारतात, "मासे केव्हां?" त्यांस चांचणीच्या नळ्या देऊन रंग पाहावयास आणि आंकडे वहींत लिहावयास लावावें. शाळेंतील रसायनशास्त्रापेक्षां हें शिक्षण आम्हांस अधिक खरें वाटतें. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज एकही जीव आणूं नये.

यंत्रांपैकीं फेंस काढणारें स्किमर हें सर्वांत उपयोगी. गुऱ्हाळांत काहिलीवर आलेली मळी झाऱ्यानें काढतात तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें यंत्र समजावून सांगण्याची गरज नाहीं. बारीक बुडबुड्यांस पाण्यांतील सेंद्रिय मळ चिकटतो, फेंस होऊन वर येतो आणि वाटींत सांचतो. ती वाटी दोन-तीन दिवसांनीं धुवावी लागते, व तिची दुर्गंधि अशी असते कीं हें काम सुनेवर ढकलूं नये असें आम्ही स्पष्ट लिहितों.

दगडी प्रवाळें पाळणाऱ्यांस कॅल्शियम सतत पुरवावें लागतें, आणि तें पुरविण्याचा एक जुना मार्ग म्हणजे आपल्या आजीबाईंच्या बटव्यांतील चुन्याची निवळी! १९७० नंतरच्या दशकांत पीटर विल्केन्स या प्रवाळपालकानें ती युरोपांत रूढ केली. अर्थात् पानाच्या डब्यांतील चुना येथें चालत नाहीं, शुद्धच लागतो; आणि ती निवळी रात्रीं थेंब थेंब सोडावी लागते, एकदम ओतली तर पाणी जाळून टाकते. मऊ प्रवाळांची गरज थोडी असते. पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदललें कीं बहुधा भागतें.

माशांत विदूषक मासा सर्वांत योग्य. तो पाळींव अवस्थेंत सर्रास पैदा होतो, समुद्रफुलाखेरीजही राहतो, आणि काळजी घेतल्यास वीस वर्षांहून अधिक जगतो. त्यांच्यांत सर्वांत मोठी ती मादी, तिचाच अंमल. ती मेली कीं नराचेंच मादींत रूपांतर होतें. २००३ च्या 'निमो' चित्रपटामुळें मुलें निळ्या टँग माशासाठीं हट्ट धरतात. तो फूटभर वाढतो, आणि २०१६ सालीं फ्लोरिडांत तो प्रथम पाळींव अवस्थेंत पैदा झाला असला तरी बाजारांतील बहुतेक टँग समुद्रांतून धरलेलेच असतात. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या दशकांत मासे धरण्यासाठीं प्रवाळांवर सायनाइड फवारण्याची रीत पडली, तिनें मासे आणि खडक दोन्ही मारले. ज्या माशाचा जन्म कोठें झाला हें विकणारा सांगूं शकत नाहीं, तो मासा सोडून द्यावा. शाकाहारी घरांत गोठविलेल्या कोळंबीवरून वाद होणारच. त्यावर सुक्या गोळ्यांचें खाद्य हा तोडगा आहे, आणि तो पुरतो.

खर्चाबरोबर विजेचा अंदाज द्यावयाचा तर दिवे, पंप आणि चिलर मिळून दिवसास दहा युनिटांच्या आसपास, म्हणजे महिन्यास तीनशें. पण विजेचें बिल ही लहान गोष्ट. वीज जाणें ही मोठी. आमच्या परिचयाच्या एका घरीं मंडळी गणपतीस कोंकणांत गेलीं असतां रात्रीं वीज गेली आणि तासाभरांत परतही आली. पण तेवढ्यांत घरांतील एम. सी. बी. पडला होता, आणि तो वर करावयास घरांत कोणीच नव्हतें. तिसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांस वास आला. पाण्याची हालचाल थांबली कीं कांहीं तासांतच त्यांतील प्राणवायु सरूं लागतो, आणि उन्हाळ्यांत तर लौकरच. म्हणून निदान एक लाटेचा पंप इन्व्हर्टरवर असावा, बॅटरीचा हवापंप जवळ असावा, आणि घरीं न जाणाऱ्या एखाद्या शेजाऱ्यास किंवा भाच्यास किल्ली देऊन कोठलें बटण कशाचें तें दाखवून ठेवावें. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात, ही सोय खरी. पण खाद्य घालावयास सर्व आणि वाटी धुवावयास कोणी नाहीं, असें झालें तर पेटी अति खाण्यानेंच बिघडते. एकाच्या नांवावर ती करावी. खाद्य त्यानेंच घालावें, नोंदवहीही त्यानेंच ठेवावी.

सुरुवात दसऱ्यास करावी असें आम्ही सुचवितों. पुढें थंडी असल्यानें चिलरवर भार कमी पडतो. त्या दिवशीं पाणी भरलें तर मार्गशीर्षाच्या सुमारास चांचणीचे आंकडे शून्यावर येतील. मग विदूषक माशांची एक जोडी आधीं महिनाभर वेगळ्या लहान पेटींत, रोग नाहीं ना तें पाहण्यासाठीं ठेवावी. संक्रांतीस ती मोठ्या पेटींत सोडावी. दगडांवर जांभळ्या शैवालाचे ठिपके दिसूं लागले, आणि तीन महिने आंकडे हलले नाहींत, म्हणजे पाडव्यानंतर पहिलें मऊ प्रवाळ आणण्यास हरकत नाहीं.