गोळी चालू हाय, मग ही बाटली कशापायी?

२०१९ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळी साडेआठला डे-केअरमधून केमोचे चार्ट खाली आले आणि तिसऱ्या चार्टवर माझा हात थांबला. फुप्फुसाचा कर्करोग. कार्बोप्लॅटिन, पेमेट्रेक्सेड, आणि त्याखाली त्याच अक्षरात जेफिटिनिब २५० मिलिग्रॅम, रोज एक गोळी. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी फार्मासिस्ट आहे. केमोच्या वायल फोडून, मोजून, सलाईनमध्ये भरून वर पाठवते. तेव्हा या कामाला अकरा वर्षं झाली होती. तोवर गोळीचे रुग्ण वेगळे आणि सलाईनचे वेगळे, असंच मी पाहत आले होते. आधी गोळी, ती चालेनाशी झाली की केमो. जुनं औषध खोडायचं राहून गेलं असणार, असं समजून मी डॉक्टरांना फोन लावला.

"राहिलेलं नाहीये," ते म्हणाले. "दोन्ही एकदमच द्यायचीत. परळचा पेपर वाच."

त्या रात्री वाचला. पण त्याआधी दुपारी चार्टवरच्या आजी भेटल्या. सातारा जिल्ह्यातल्या, साठी ओलांडलेल्या, वजन ४१ किलो. आयुष्यात कधी विडी-तंबाखूला हात लावलेला नाही. खोकल्यासाठी आधी पाच महिने टीबीची औषधं खाल्ली होती, आणि त्यात अंग पार उतरलं होतं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावायला मी त्यांच्या खाटेपाशी गेले, तर त्यांनीच मला विचारलं, "पोरी, गोळी चालू हाय, मग ही बाटली कशापायी?"

सकाळी मला पडलेला प्रश्नही तोच होता.

जेफिटिनिब नेमकं काय करते ते आधी सांगते. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. बाहेरून निरोप आला की ते आत कळवतं, 'वाढा'. निरोप थांबला की तेही थांबतं. काही रुग्णांच्या गाठीत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झालेला असतो. दाराची बेल दाबलेलीच अडकून बसावी तसं होतं, दारात कुणी नाही तरी घंटी वाजतच राहते. जेफिटिनिब या प्रथिनाच्या पेशीच्या आत असलेल्या खाचेत जाऊन बसते. तिथं एरवी ऊर्जा पुरवणारा रेणू बसायचा असतो. जागा अडली की घंटी बंद. टार्गेटेड थेरपी म्हणतात ती हीच. ज्यांच्या गाठीत हा बिघाड आहे, त्यांच्यात ती थोड्या आठवड्यांत फरक दाखवते. मी असे रुग्ण पाहिले आहेत, जे ऑक्सिजन लावून आले आणि पुढच्या महिन्यात जिना चढून वर गेले.

पण बहुतेकांत हा गुण कायम टिकत नाही. गाठीतल्या सगळ्या पेशी एका साच्यातल्या नसतात. काहींना त्या घंटीची गरजच नसते, काही गोळीला चुकवायला शिकतात. आजींचा मुलगा ऊस लावतो, म्हणून मी त्यांच्याच रानातलं उदाहरण दिलं. तणनाशक मारलं की रुंद पानाचं तण जळून जातं, पण लव्हाळा राहतो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आजी म्हणाल्या, "लव्हाळ्याला खुरपंच लागतं." बाटलीतली केमो म्हणजे ते खुरपं. कार्बोप्लॅटिनमधलं प्लॅटिनम पेशीच्या डीएनएला चिकटून त्याची गाठ मारतं, पेमेट्रेक्सेड नवा डीएनए बांधायला लागणारं सामानच तयार होऊ देत नाही. पेशीची घंटी वाजते आहे की नाही, याच्याशी त्यांना काही घेणं नाही. अर्थात खुरपं घाईत चाललं की उसाचा कोंबही तुटतो. हेही मी त्यांना सांगितलं. ते लपवून औषध देणं मला पटत नाही.

मग दोन्ही एकत्र द्यायचं इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं, आणि तेच मला अडवत होतं. इंटॅक्ट नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून दोन हजारांहून जास्त रुग्णांवर जेफिटिनिब आणि केमो एकत्र वापरून पाहिली होती. २००४ साली निकाल छापून आला : काहीही जास्तीचा फायदा नाही. आम्ही तेच शिकलो. एक शंकाही रुजली, की गोळी पेशींना निजवते आणि केमो तर वाढत्या पेशींनाच मारते, म्हणजे दोघी एकमेकींच्या आड येत असतील. पण त्या चाचण्यांत बिघाड तपासून रुग्ण निवडलेच नव्हते, कारण बिघाड माहीतच नव्हता. त्याच २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी तो शोधून काढला. कुलूप कुणाकडे आहे हे न बघता सगळ्यांना किल्ली वाटली होती. पुढे बिघाड असलेल्यांना केमोऐवजी नुसती गोळी देणं हा नियम झाला आणि एकत्र देण्याचा विचार मागे पडला.

तो पुन्हा उचलला परळच्या टाटा मेमोरियलनं. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ या दोन वर्षांत बिघाड असलेले ३५० रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एकाला नुसती जेफिटिनिब, दुसऱ्याला तीच गोळी आणि जोडीला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन. नुसत्या गोळीवर आजार साधारण आठ महिने आवाक्यात राहिला, जोडीवर सोळा महिने. रुग्ण जगलेही जास्त. त्याच सुमारास जपानमधल्या चाचणीतही जोडीनं आजार जास्त काळ रोखून धरला. किंमत मात्र मोजावी लागली. परळच्या अभ्यासात गंभीर त्रास नुसत्या गोळीवर २५ टक्के लोकांना झाला, जोडीवर ५१ टक्के. पांढऱ्या पेशी घसरणं, रक्त कमी होणं, थकवा. ४१ किलोच्या आजींच्या चार्टवर सही करताना हा ५१ चा आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता.

मला या अभ्यासाचं मोल वाटतं त्याला आणखी एक कारण आहे. त्यांनी घेतलेली गोळी जुनी आहे, भारतीय कंपन्या ती बनवतात, ती साताऱ्यातही मिळते. शिवाय 'आधी गोळी, मग केमो' या क्रमातली 'मग' पुष्कळांच्या नशिबी येतच नाही. आजार वाढतो तेव्हा माणूस इतका खचलेला असतो, की केमो सोसवत नाही. माझ्याकडे चार्ट यायचा आणि तासाभरात वरून फोन यायचा, 'भरू नका, तब्येत नाही.' असे फोन मी खूप घेतले आहेत.

आता त्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल, कारण त्यांची गोष्टही परळचीच आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयानं दगावत होत्या, त्याचं कारण ती परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये शोधत होती. यीस्टच्या अर्कानं त्या बायका बऱ्या होतात, हे तिनं दाखवलं. त्या अर्कात जे होतं, ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. मग आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण पेशीला फसवणारी औषधं तयार केली. त्यातलंच एक बॉस्टनला सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना १९४७ साली दिलं. पेमेट्रेक्सेड हे त्याच घराण्यातलं. ते पेशीला फसवतं, म्हणून निरोगी पेशींचं फार नुकसान होऊ नये यासाठी आम्ही खरं फॉलिक ॲसिड थोड्या प्रमाणात आधीपासून चालू करतो आणि बी-१२ चं इंजेक्शन देतो. आजींची ती छोटी गोळी एक दिवसही चुकू नये म्हणून मी त्यांच्या मुलाच्या फोनवर गजर लावून दिला.

औषध भरण्याचं काम मन लावूनच करावं लागतं. कार्बोप्लॅटिनला ॲल्युमिनियम चालत नाही, साका बसतो. त्याचा डोस मूत्रपिंडाच्या कामावरून काढतात : आजींचा आकडा ६० होता, त्यात २५ मिळवायचे आणि पाचानं गुणायचं, म्हणजे ४२५ मिलिग्रॅम. पेमेट्रेक्सेड नॉर्मल सलाईनमध्येच, रिंगर लॅक्टेटमध्ये नाही, आणि त्याचा डोस उंची-वजनावरून. आजींना ६५० मिलिग्रॅम.

केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर आजींच्या पांढऱ्या पेशी उतरल्या आणि एक आठवडा थांबावं लागलं. तिसरीनंतर त्या घरून भाकरी-ठेचा घेऊन आल्या. चौथीनंतर कार्बोप्लॅटिन बंद झालं, गोळी आणि पेमेट्रेक्सेड पुढे चालू राहिलं. पुढे २०२३ मध्ये ओसिमर्टिनिब या नव्या गोळीसोबतही केमो जोडून पाहिल्याचा निकाल आला : नुसत्या गोळीवर १६.७ महिने, जोडीवर २५.५. २०२४ च्या अर्थसंकल्पात या गोळीवरचं सीमाशुल्क माफ झालं, तरी आजींसारख्या घराला ती अजून महागच आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्याच्या कितीतरी आधी, आजींच्या नवव्या सायकलचा चार्ट आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे डोस तपासायला घेतला. जुना आकडा जुळेना. डे-केअरला फोन करून वजन पुन्हा विचारलं. सिस्टरनी काट्यावर दोनदा उभं करून सांगितलं : ४६ किलो. मी ६५० खोडून ६९० लिहिलं आणि वायल उघडली.