लाल बटण पुन्हा दाबलं तरी

सातारा-सांगलीकडे कृष्णाकाठच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटरच्या स्टार्टरवर दोन बटणं असतात. हिरव्याने मोटर सुरू, लालने बंद. बंद मोटरवर लाल बटण पुन्हा दाबलं तरी काही बिघडत नाही. मोबाईलवरून मोटर बंद करणाऱ्या शेतकऱ्याला शंका आली, तर तो याच भरवशावर परत फोन लावतो.

सॉफ्टवेअर काढून टाकणाऱ्या स्क्रिप्टलाही हाच गुण लागतो.

डेबियन आणि उबंटू या लिनक्समध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. ते काढताना 'डीपीकेजी' हा प्रोग्रॅम आधी 'प्रीआरएम' ही स्क्रिप्ट चालवतो, मग फायली हटवतो, मग 'पोस्टआरएम' चालवतो. सेटिंगसकट सगळं पुसायला सांगितलं, तर पोस्टआरएमची पाळी पुन्हा येते. मध्येच लाईट गेली की काम अर्धवट राहतं आणि नंतर त्याच स्क्रिप्टा परत धावतात. म्हणून डेबियनचा नियमच आहे: स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालली तर नुकसान होऊ नये, आणि आधीची अडखळली असेल तर उरलेलं काम पुरं व्हावं.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. अशा गटातल्या एखाद्या मुलीने पहिलं पॅकेज बांधलं, असं समजू. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई', म्हणजे चूक दिसताच थांब. खाली 'आरएम', म्हणजे पुसून टाक, आणि एका फाईलचं नाव. पहिल्यांदा फाईल जाते. दुसऱ्यांदा ती नसतेच. आरएम चूक दाखवतो, स्क्रिप्ट थांबते आणि पॅकेज मध्येच लटकतं. कितीही वेळा काढा, ठेच त्याच ओळीवर. इलाज एवढाच: 'आरएम -एफ'. फाईल नसली तरी तो तक्रार करत नाही. सेवेसाठी तयार केलेलं युजर खातं पुसण्याआधी मात्र ते आहे का, हे विचारावं लागतं.

काहीजण प्रत्येक ओळीपुढे 'चूक झाली तरी चालेल' असा शेपटा जोडतात. हे घातक आहे. खरा बिघाडही त्यात गडप होतो.

पुसण्याच्या आज्ञेत हयगय चालत नाही. २०११ मध्ये बंबलबी या प्रोग्रॅमच्या बसवणीच्या स्क्रिप्टमध्ये एक मोकळी जागा जास्त पडली, आणि लोकांच्या संगणकांवरची अख्खी 'यूएसआर' डिरेक्टरी पुसली गेली.

त्यामुळे तपासणी आभासी यंत्रावर करावी. पॅकेज काढायचं, मग सेटिंगसकट पुसायचं, मग पुन्हा बसवून काढताना अर्ध्यातच यंत्र बंद करायचं आणि परत काढायचं. दरवेळी स्क्रिप्टचं उत्तर शून्य, म्हणजे 'सुरळीत', असंच यायला हवं.