बास गिटारचा फ्रेटबोर्ड किती गोल हवा? ‘१० ते १४ इंच’ या आकड्याचा अर्थ

बास गिटार ऑनलाइन पाहायला गेलं की माहितीच्या तक्त्यात ‘फ्रेटबोर्ड रेडियस’ असा एक रकाना दिसतो. कुठे ९.५ इंच, कुठे १२ इंच, आणि महागड्या वाद्यांवर ‘कंपाउंड, १० ते १४ इंच’. पुण्या-मुंबईतला वादक दुकानात जाऊन चार नेकवर हात फिरवून पाहू शकतो. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारसारख्या गावातून वाद्य मागवणाऱ्याला मात्र बहुधा या आकड्यांवरच भरवसा ठेवावा लागतो. त्यात ही गोष्ट नंतर सहज बदलता येत नाही. गोलाई बदलायची तर सगळे फ्रेट उपटून लाकूड घासावं लागतं आणि नवे फ्रेट बसवावे लागतात.

फ्रेटबोर्ड वरून सपाट दिसला तरी आडवा पाहिला तर किंचित कमानदार असतो. ही कमान ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे रेडियस. आकडा लहान तितकी गोलाई जास्त. फेंडरच्या १९५१ सालच्या पहिल्या प्रिसिजन बासची त्रिज्या ७.२५ इंच होती, म्हणजे साधारण साडेचौदा इंची परातीच्या काठाइतका बाक. लहान मुलांच्या २० इंची सायकलच्या चाकाची त्रिज्या १० इंच, आणि जुन्या काळ्या मोठ्या सायकलच्या २८ इंची चाकाची १४ इंच. ‘१० ते १४’ लिहिलेला नेक नटजवळ लहान सायकलच्या चाकासारखा वाकलेला असतो आणि शेवटच्या फ्रेटकडे जाताना हळूहळू मोठ्या चाकासारखा सपाट होतो. फेंडरच्या अमेरिकन अल्ट्रा मालिकेतल्या बासना हीच मापं आहेत.

असं का करायचं? तारा एकमेकींना समांतर नसतात. नटपाशी त्या जवळ असतात आणि ब्रिजकडे पंख्यासारख्या फाकतात. फ्रेटबोर्ड एकाच त्रिज्येचा असेल तर तो नळीच्या तुकड्यासारखा असतो. नळीवर सरळ लांबीला धागा ताणला तर तो पूर्ण टेकतो, पण तिरपा धरला तर मधे उंचवटा लागतो. कडेच्या तारा अशाच तिरप्या जातात. फ्रेटबोर्ड शंकूच्या आकाराचा केला तर तिरप्या तारेखालीही रेषा सरळच राहते. कंपाउंड रेडियस म्हणजे हा शंकूचा तुकडा.

तत्त्व पटतं, पण हा उंचवटा असतो तरी किती? नेहमीच्या ३४ इंची चार तारांच्या बासवर नटपाशी कडेच्या दोन तारांत ३४ मिलिमीटर आणि ब्रिजपाशी ५७ मिलिमीटर अंतर धरलं, तर ९.५ इंची गोलाईवर कडेच्या तारेखालचा उंचवटा जेमतेम ०.०७ मिलिमीटर येतो. माणसाच्या केसाच्या जाडीएवढा! बाराव्या फ्रेटवर तार दोन मिलिमीटर उंच असताना एवढ्याने फारसं बिघडत नाही. पाच तारांच्या बासचं गणित वेगळं आहे. तिथे नटपाशी ३८ आणि ब्रिजपाशी ७६ मिलिमीटर धरलं, तर तोच उंचवटा ०.१९ मिलिमीटरवर जातो. ट्रस रॉडने नेकला जो हलका खोलगट बाक दिलेला असतो, तो बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे कडेच्या तारांखाली त्यातला बराचसा बाक हा उंचवटाच खाऊन टाकतो. मग तारा खाली आणल्या की फ्रेटवर खरखर सुरू होते.

खरखर नेहमीच वाईट असते असं नाही. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीचा माथा कानसीने अशा बाकात घासतात की तार त्याला हलकेच स्पर्शत राहावी. जवारी म्हणतात ती हीच. बासमध्ये अपेक्षा नेमकी उलटी असते. दाबलेल्या फ्रेटच्या पुढे तार कशालाच लागता कामा नये.

कंपाउंड रेडियसच्या जाहिरातीत आणखी एक कारण हमखास असतं: तार आडवी खेचून सूर चढवताना ती पुढच्या फ्रेटला अडत नाही. लीड गिटारला हे कारण लागू पडतं. बासच्या जाड तारा कोणी पूर्ण स्वर चढेल इतक्या क्वचितच खेचतो, त्यामुळे केवळ या मुद्द्यावर जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

तेव्हा चार तारांच्या बासला एकच त्रिज्या पुरते, ती ९.५ घ्यायची की १२ हे हाताला विचारावं. खिळा आणि दोरी वापरून पुठ्ठ्यावर दोन्ही त्रिज्यांच्या कमानी काढून कापल्या, तर फरक घरीच डोळ्यांना दिसतो. तोही किती थोडा, तर नटच्या ४२ मिलिमीटर रुंदीत कमानीची उंची १० इंचांवर ०.९ मिलिमीटर आणि २० इंचांवर ०.४. पाच-सहा तारा असतील, तारा अगदी खाली हव्या असतील किंवा स्लॅप वाजवायचं असेल, तर कंपाउंड मागावा, निदान त्रिज्या मोठी घ्यावी. नेक आधीच घेतला असेल तरी वाट बंद होत नाही. चांगला कारागीर फ्रेटचे माथे तारांच्या तिरप्या रेषेत घासून समतल करतो, तेव्हा लाकूड नळीसारखंच राहतं, पण माथे शंकूसारखे होतात.

एका ठिकाणी मात्र घोटाळा हमखास होतो. ‘१० ते १४’ मधला १४ हा शेवटच्या फ्रेटजवळचा आकडा आहे, ब्रिजचा नाही. तारा त्याच्याही पुढे फाकत जातात, म्हणून ब्रिजपाशी त्रिज्या सुमारे १६ इंच व्हायला हवी. १४ इंचांचा गेज सॅडलवर टेकवून उंची ठरवली तर मधल्या तारा विनाकारण उंच राहतात. बासच्या ब्रिजवर बहुधा प्रत्येक तारेचा सॅडल वेगळा असतो. गेज बाजूला ठेवून बाराव्या फ्रेटवर एकेका तारेचं अंतर पट्टीने मोजावं आणि ॲलन की फिरवून ते जुळवावं. ब्रिजची त्रिज्या मग आपोआप योग्य येते.